युद्धाचे नामकरण

हिंगोलीहून वाशिमकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत कनेरगाव नाका हे गाव लागते. आज तेथे मोटारींचा थांबा आहे, आगगाडीचे स्थानक आहे, चहाची दुकाने आहेत. परंतु गावाच्या नावास चिकटलेला ‘नाका’ हा शब्द जुन्या सरहद्दीची साक्ष देतो. अलीकडे निजामाची हैदराबाद रियासत, पलीकडे इंग्रजांच्या अमलाखालील वऱ्हाड, आणि सरहद्दीवर जागोजाग करोडगिरीचे, म्हणजे रियासतीच्या जकात खात्याचे, नाके अशी त्या काळची स्थिती होती. गाडीवान कापूस घेऊन येवो की लुगड्यांचे गाठोडे घेऊन येवो, नाक्यावरील कारकुनाचा प्रश्न एकच असे: आत काय आहे? मालाच्या धन्याने गाठोड्यास काय नाव दिले आहे याची त्यास पर्वा नसे. तो गाठ सोडून पाही.

सन 2025 च्या जून महिन्याच्या अखेरीस वाशिमला जात असता या ठिकाणी आम्हांस दीड-दोन तास खोळंबावे लागले. शेजारी बसलेल्या एका तरुणाच्या हातातील यंत्रावर बातम्या चालल्या होत्या. अमेरिकेने 22 जून रोजी इराणातील फोर्दो, नतांझ व इस्फाहान या तीन ठिकाणी प्रचंड हल्ले चढविले होते, आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी लगेच खुलासा केला होता की, आपले युद्ध इराणशी नसून इराणच्या अणुकार्यक्रमाशी आहे. बाकावर पंच्याऐंशीच्या घरातले एक गृहस्थ ऐकत बसले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि आमच्याकडे वळून विचारले, “गुरुजी, बाम तर टाकले, पन लढाई नाही म्हनतात. मग ही त्यांची पुलिस ॲक्शनच म्हनायची का?”

आम्ही हसून “होय, तसेच म्हणा” असे उत्तर दिले. परंतु प्रवासभर तो प्रश्न मनातून जाईना. अमेरिकेच्या युद्धनीतीवर आम्ही गेली तीस वर्षे विद्यार्थ्यांपुढे बोलत आलो आहो, प्रसंगी लिहीतही आलो आहो. पण त्या वृद्ध गृहस्थांनी एका वाक्यात जी दोन टोके जोडली, ती जोडण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नव्हते. ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द त्यांनी वॉशिंग्टनहून आणला नव्हता. तो त्यांच्या बालपणीचा, त्यांच्या मुलखाचा, 1948 सालचा शब्द होता. एखाद्या कृत्यास दुसरे नाव दिल्याने कर्त्याचे दायित्व बदलते काय, आणि ते नाव जो निमूटपणे उच्चारतो त्याच्याकडे त्या कृत्याचा काही अंश येतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, शक्तीच्या व्यवहारास सौम्य नाव देण्याची कला अमेरिकेने शोधून काढलेली नाही. ज्या सरहद्दीचा आम्ही वर उल्लेख केला ती सरहद्दच अशा एका नावातून जन्मास आली. हिंगोली येथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ नामक फौजेची छावणी असे. फौज नावाने निजामाची, तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटाचा, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, थकबाकीचे कर्ज झाले, आणि त्या कर्जापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हाती गेला. तो जिंकला असे कोणी म्हटले नाही, बळकावला असेही म्हटले नाही. सरकारी कागदांत त्याचे नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे नेमून दिलेले जिल्हे, असे पडले. पुढे 1902 साली तोच मुलूख सालिना 25 लक्ष रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला. धन्याचे धनीपण कागदावर शाबूत राहिले आणि मुलूख मात्र दुसऱ्याचा झाला. तात्पर्य, पैनगंगेच्या दोहों तीरांवर एकच भाषा बोलणाऱ्या माणसांस पुढे ज्या सरहद्दीवर जकात भरावी लागली, त्या सरहद्दीच्या मुळाशी एका फौजेच्या पगाराची थकबाकी होती, आणि त्या थकबाकीवर घातलेला शब्दांचा शेला होता.

याच मुलखात 1947-48 साली दुसरा एक शब्द भयंकर झाला. ‘रझाकार’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक असा आहे. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली या ‘स्वयंसेवकां’नी गावोगाव जी लूट, जाळपोळ व हत्या केली, तिच्यामुळे मराठवाड्यात ‘रझाकारी’ हा शब्द आजही बेबंद जुलमाचा वाचक म्हणून उरला आहे. त्या जुलमाविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसने लढा दिला. सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली, आणि रियासतीचे करोडगिरी नाके जाळण्याचे कार्यक्रम झाले. हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रियासतीने भारतात सामील व्हावे असे निर्भयपणे लिहिले, आणि 1948 च्या ऑगस्टात त्यांचा खून करण्यात आला. ते स्वतः मुसलमान होते, आणि रझाकार ज्या धर्माचे नाव घेत होते त्या धर्माच्या नावे असत्य बोलण्याचे त्यांनी नाकारले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी अधिक ठळकपणे सांगावयास हवी.

मग 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सेना हैदराबादेत शिरली. सोलापूरकडून व बेझवाड्याकडून मुख्य तुकड्या निघाल्या. रणगाडे होते, तोफा होत्या, विमाने होती. 17 तारखेस निजामाने नभोवाणीवरून युद्धविराम जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी रियासतीच्या सेनापतीने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. लष्करी कागदांत या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. जगापुढे मात्र तिचे नाव ‘पोलिसी कारवाई’ असे ठेवण्यात आले. हे नाव उगाच ठेवले नव्हते. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गेली होती, आणि 16 सप्टेंबर रोजी पॅरिस येथे तिचा विचारही सुरू झाला होता. ‘युद्ध’ म्हटले असते तर हैदराबाद हे निराळे राष्ट्र ठरते. ‘पोलीस’ म्हटल्याने तो घरचा बंदोबस्त ठरला. परंतु त्या पोलिसी कारवाईनंतर रियासतीवर जो अधिकारी नेमण्यात आला तो पोलिसांचा मुख्य नव्हता. त्याच्या पदाचे नाव ‘लष्करी गव्हर्नर’ असे होते.

यानंतर पुरती दोन वर्षेही लोटली नाहीत तोच हाच शब्द पॅसिफिक महासागरापलीकडे ऐकू आला. 1950 च्या जूनमध्ये उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिणेवर स्वारी केली, आणि अध्यक्ष ट्रूमन यांनी अमेरिकन सैन्य कोरियात उतरविले. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे युद्ध पुकारण्याचा अधिकार अध्यक्षाचा नाही, काँग्रेसचा आहे. ट्रूमन यांनी काँग्रेसची अनुमती मागितली नाही. 29 जून रोजी पत्रकारांपुढे त्यांनी ‘आपण युद्धात नाही’ असे सांगितले. तेव्हा एका वार्ताहराने विचारले की, संयुक्त राष्ट्रांच्या वतीने केलेली ही पोलिसी कारवाई आहे असे म्हणावे काय? अध्यक्षांनी होकार दिला. म्हणजे शब्द एका वार्ताहराने पुरविला, सत्तेने तो उचलला, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी तो जगभर नेला. या लहानशा प्रसंगात सत्ता आणि वृत्तपत्र यांचे नाते जितके स्पष्ट दिसते तितके ते मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच दिसत असेल. त्या ‘कारवाई’त सुमारे 36,500 अमेरिकन सैनिक मेले, कोरियन माणसे तर लक्षावधींनी मेली. 1953 च्या जुलैत युद्धविराम झाला, पण शांततेचा तह आजवर झालेला नाही. भारताने त्या वेळी लढण्यास सैन्य धाडले नाही, जखमींसाठी वैद्यकीय पथक धाडले, ही गोष्ट आपणास अभिमानाने सांगता येईल.

अमेरिकन काँग्रेसने विधिपूर्वक युद्ध पुकारले ते शेवटचे 1942 साली, बल्गेरिया, हंगेरी व रुमानिया यांच्याविरुद्ध. त्यानंतर व्हिएतनाम झाले, इराक दोन वेळा झाले, अफगाणिस्तान झाले. त्यांसाठी काँग्रेसने बळ वापरण्याचे ठराव केले, पण ‘युद्ध’ पुकारले नाही. गंमत अशी की, जोवर त्या देशाच्या लष्करी खात्याचे नाव ‘युद्ध खाते’ होते तोवर तो देश परदेशांशी मोठी युद्धे बहुधा पुकारून लढे. 1947 व 1949 च्या कायद्यांनी ते खाते ‘संरक्षण खाते’ झाले आणि पुकारलेली युद्धे बंद पडली, न पुकारलेली मात्र वाढली. 2025 च्या सप्टेंबरात अध्यक्ष ट्रंप यांनी ‘युद्ध खाते’ हे जुने नाव जोडनाव म्हणून वापरण्याचा हुकूम काढला. ज्यांनी जूनमध्ये बाँबफेकीस युद्ध म्हणण्याचे टाळले त्यांनीच सप्टेंबरात खात्याच्या पाटीवर युद्ध हा शब्द चढवावा, यास विसंगती म्हणावे की प्रामाणिकपणा, हे आम्हांस सांगता येत नाही. पाटीवर शूर दिसण्यास खर्च नसतो. कृत्यास त्याचे नाव दिले की मात्र जाब द्यावा लागतो.

आता वृत्तपत्रांचा विचार करू. वृत्तपत्रे खोटे छापतात असा सरसकट आरोप आम्ही करीत नाही. तसा आरोप करणे आळशीपणाचे होईल. त्यांचा दोष याहून सूक्ष्म आहे. ‘सरकारने असे सांगितले’ एवढे ती खरेच छापतात, आणि सरकारने सांगितलेले खोटे असले तरी छापणाऱ्याचे वाक्य व्याकरणदृष्ट्या खरे राहते. 1964 च्या ऑगस्टात टोंकिनच्या आखातात अमेरिकन नौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. त्या बातमीच्या आधारे काँग्रेसने ठराव केला. कनिष्ठ सभागृहात विरोधी मत एकही पडले नाही, सेनेटात दोनच पडली, मोर्स आणि ग्रूनिंग यांची. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालेल्या सरकारी दफ्तरांवरूनच आज सर्वमान्य आहे. त्या दिवसांत आपल्या लहानशा साप्ताहिकातून शंका विचारणारा आय. एफ. स्टोन हा एकटा पत्रकार सरकारी कागदच इतरांपेक्षा अधिक बारकाईने वाचीत असे, एवढेच त्याचे सामर्थ्य.

1968 च्या मार्चमध्ये व्हिएतनामातील माय लाय या खेड्यात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र स्त्रिया, मुले व वृद्ध मारले. व्हिएतनामी गणनेप्रमाणे त्यांची संख्या 504 होती. लष्कराच्या पहिल्या पत्रकात मात्र 128 शत्रुसैनिक मारल्याचा विजय जाहीर झाला, आणि वृत्तपत्रांनी तो विजय म्हणूनच छापला. खरी हकीकत सीमोर हर्श या पत्रकाराने बाहेर आणण्यास 1969 चा नोव्हेंबर उजाडला. 2003 साली इराकच्या संहारक शस्त्रांविषयी हेच घडले. शस्त्रे सापडली नाहीत, आणि न्यूयॉर्क टाइम्सने 26 मे 2004 रोजी आपल्या वाचकांपुढे कबुली दिली की, आपण पुरेशी कठोर चौकशी केली नव्हती. कबुली दिली हे चांगलेच झाले. पण तोवर बगदाद पडून वर्ष उलटले होते. नाक्यावरील कारकुनाने गाठोडे न उघडता पुढे जाऊ द्यावे आणि वर्षानंतर वहीत दुरुस्ती करावी, तसा हा प्रकार झाला.

येथे संगीताविषयी थोडे विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील. कारण शब्द बदलण्याचा अधिकार केवळ सत्तेकडे नाही, गायकाकडेही आहे, हे त्यावरून दिसेल. पॉल रॉबसन हा थोर निग्रो गायक कोरियातील युद्धाविरुद्ध जाहीरपणे बोलला, आणि त्याच 1950 साली अमेरिकन सरकारने त्याचे पारपत्र रद्द केले. आठ वर्षे त्यास परदेशी जाता आले नाही. 1957 साली लंडनच्या श्रोत्यांनी त्याचे गाणे ऐकले ते समुद्राखालून टाकलेल्या दूरध्वनीच्या तारेतून. गायक न्यूयॉर्कला, श्रोते लंडनच्या सभागृहात. मिसिसिपी नदीवरील जे गीत त्याने अजरामर केले, त्यात मूळ कवीने निग्रो हमालाच्या तोंडी थकव्याचे व जीवनास कंटाळल्याचे शब्द घातले होते. रॉबसनने चाल तीच ठेवली, आणि त्या शब्दांच्या जागी झुंजत राहण्याचे शब्द घातले. आसामचे भूपेन हजारिका अमेरिकेत शिकत असता रॉबसनच्या सहवासात आले, आणि त्या नदीचा प्रवाह पुढे आपल्या गंगेवरील गीतात उतरला, हे आपल्याकडील रसिकांस ठाऊक आहेच.

सत्ता शब्द बदलते आणि रॉबसननेही बदलला. मग दोहोंत भेद तो काय? आमच्या मते भेद असा: सत्तेच्या नव्या शब्दामागे माणूस दिसेनासा होतो, आणि रॉबसनच्या नव्या शब्दातून तो पहिल्यानेच दिसू लागला. शाहिरी परंपरेतही हीच कसोटी लावता येईल. पवाड्यात लढाईस लढाईच म्हणतात, आणि पडलेल्या वीरांची नावे घेतात. शाहिरास धन्याचे बिदागीचे बंधन असे, हे आम्ही विसरत नाही. तरी पवाड्यातील मृत माणूस निनावी नसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊ साठे यांनी स्तालिनग्राडवर पवाडा रचला, तेव्हा वाटेगावात जन्मलेल्या आणि मुंबईत कामगारांत वावरलेल्या त्या शाहिरास दूरच्या नगरातील मरणे आपलीशी वाटली, ती याच परंपरेमुळे.

स्तालिनग्राडचे नाव निघालेच आहे तर आमच्याच पक्षाचा दोष सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ज्यांच्या सहानुभूती डावीकडे झुकतात, आणि आमच्या तशा झुकतात हे आम्ही लपवीत नाही, त्यांनी 1956 साली हंगेरीत व 1968 साली चेकोस्लोव्हाकियात शिरलेल्या रशियन रणगाड्यांस ‘बंधुभावाचे साहाय्य’ म्हणणारे पत्रक निमूटपणे वाचले. 2022 साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा तिचे नाव ‘विशेष लष्करी मोहीम’ असे ठेवले, आणि तीस युद्ध म्हणणाऱ्या स्वतःच्या नागरिकांस तुरुंगात टाकण्याचा कायदा केला. अमेरिकेचा शब्द सोलून पाहणारा जो वाचक रशियाचा शब्द सालीसकट गिळतो, त्याची चिकित्सा ही चिकित्सा नव्हे, पक्षपात होय.

परंतु रशियाची कबुली देणे हेही तसे सोपेच. आम्हांस खरा त्रास देणारा प्रश्न याहून जवळचा आहे. कनेरगाव नाक्यावरील ते गृहस्थ मूळचे नांदेडकडचे. चहा संपेपर्यंत त्यांनी आम्हांस दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, त्यांच्या चुलत्यास रझाकारांनी मारले. गावातील स्तंभावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि दर 17 सप्टेंबरला तेथे हार घातला जातो. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली आला. रझाकार पळून गेल्यावर, पोलीस ॲक्शन झाल्यानंतरच्या दिवसांत, त्यांच्या गल्लीतील तांबोळ्याच्या घरची माणसे एका रात्रीत नाहीशी झाली. तो तांबोळी रझाकार नव्हता, पाने विकीत असे. लहानपणी यांना बडीशेप देत असे. “त्यायचं नाव कुठं लिवलेलं नाही,” एवढेच ते म्हणाले.

ही एका गल्लीची गोष्ट नव्हे. 1948 च्या अखेरीस पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ हैदराबादेत पाठविले. ते गावोगाव हिंडले. पोलिसी कारवाईच्या काळात व तिच्यानंतर 27,000 ते 40,000 माणसे प्राणांस मुकली असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत अधिक संहार झालेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे दिली. रझाकारांचे अत्याचार त्यांनी झाकले नाहीत. कित्येक हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांस जिवावर उदार होऊन वाचविले, हेही त्यांनी नमूद केले. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचे काही भाग 1988 च्या सुमारास छापले गेले, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांस पाहावयास मिळू लागला तो 2013 साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी. माय लायची हकीकत वीस महिन्यांत बाहेर आली म्हणून आम्ही अमेरिकेवर ठपका ठेवतो. आमच्या स्वतःच्या हकीकतीस पासष्ट वर्षे लागली, आणि अजूनही ती आमच्या घरांतून फारशी उच्चारली जात नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कोणी म्हणेल, ‘कोठे इराक आणि कोठे हैदराबाद! तेथे परक्या देशावर खोट्या कारणाने स्वारी झाली. येथे जुलमाखाली भरडलेल्या प्रजेस मुक्त केले. दोहोंस एका तागडीत तोलणे म्हणजे हुतात्म्यांचा अपमान होय.’ या आक्षेपातील पूर्वार्ध आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. हैदराबादवरील कारवाई न्याय्य होती आणि अपरिहार्य झाली होती; ती झाली नसती तर हा मुलूख आणखी किती काळ होरपळला असता हे सांगता येत नाही. 17 सप्टेंबर हा आमच्याही कृतज्ञतेचा दिवस आहे. पण हेतू न्याय्य असल्याने कृत्य समर्थनीय ठरते. त्याचे नाव बदलत नाही. शस्त्रवैद्य रोग्याचा पाय त्याच्या हितासाठी कापतो, म्हणून पाय कापला असे लिहावयाचे तो टाळीत नाही. टाळील तर रोग्याच्या घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणि खोट्या नावाची किंमत कोणास द्यावी लागते हे पाहावे. युद्ध म्हटले की युद्धाचे काही धर्म लागू होतात; कैद्यांची गणना होते, मृतांची यादी होते, जिंकलेल्या मुलखातील निःशस्त्र प्रजेच्या रक्षणाची जबाबदारी जेत्यावर येते. पोलिसी कारवाई म्हटले की हे सारे गळून पडते. पोलीस ज्यास पकडतात तो गुन्हेगार, आणि पोलिसांच्या बंदोबस्तात जो मरतो तो गुन्हेगार तरी किंवा अपघाताने मेलेला तरी. तांबोळी दोहोंपैकी कोणीच नव्हता, म्हणून त्यास नोंदवहीत जागाच उरली नाही. नेमके हेच कोरियातील शेतकऱ्याचे झाले आणि हेच व्हिएतनामातील बाईचे झाले. वॉशिंग्टन शहरातील काळ्या दगडाच्या भिंतीवर व्हिएतनामात पडलेल्या 58,000 हून अधिक अमेरिकन सैनिकांची नावे आहेत, आणि ती असावीत हे योग्यच आहे. माय लायच्या मुलांची नावे तेथे नाहीत. प्रत्येक देश आपल्या स्तंभावर आपलीच नावे कोरतो. तेवढ्यावर तो थांबला तर आम्ही त्यास दोष देणार नाही; पण दुसऱ्याच्या मृतांस नावच नसते असे जेव्हा तो मानू लागतो तेव्हा त्याच्या पुढच्या युद्धाची तयारी पूर्ण झालेली असते.

तेव्हा आरंभीच्या दोन प्रश्नांची आमची उत्तरे अशी आहेत. नाव बदलल्याने कर्त्याचे दायित्व कमी होत नाही. उलट कृत्याच्या दायित्वात असत्याच्या दायित्वाची भर पडते, मग तो कर्ता ट्रूमन असो की आमचे स्वतःचे सरकार. आणि ते नाव निमूटपणे उच्चारणाऱ्याकडेही काही अंश निश्चित येतो. तोफ डागणाऱ्याइतका नव्हे, पण ज्याने गाठोडे न उघडता जाऊ दिले त्या कारकुनाइतका. आपण सुशिक्षित घरांतील माणसे सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतो, संध्याकाळी पडद्यावर दूरच्या नगरांतील स्फोट पाहतो, आणि ‘कारवाई’, ‘मोहीम’, ‘आनुषंगिक हानी’ हे शब्द क्रिकेटच्या धावसंख्येसारखे एकमेकांस सांगतो. तेथे एवढे तरी करता येईल की, घरातील मुलाने ‘आनुषंगिक हानी म्हणजे काय?’ असे विचारल्यास ‘मेलेली माणसे’ असे उत्तर द्यावे. त्याच मुलाने ‘पोलीस ॲक्शन म्हणजे काय?’ असे विचारल्यास उत्तर थोडे लांब होईल. त्यात रझाकारांचा जुलूम येईल, शोएबुल्ला खान येतील, स्तंभावरची नावे येतील. आणि तांबोळीही आला पाहिजे.

आम्ही त्या दिवशी नाक्यावर त्या गृहस्थांस हसून उत्तर दिले, याची आम्हांस आज लाज वाटते. त्यांनी विचारलेला प्रश्न विनोदाचा नव्हता. त्यांनी स्वतःच्या मुलखातील शब्द घेऊन जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्रास विचारले होते, आणि मग तोच शब्द स्वतःकडे वळवून आपल्या गल्लीविषयीही विचारले होते. पुस्तके वाचून आम्ही यांतील पहिला अर्धा भागच शिकलो होतो. मोटार आली तेव्हा त्या तांबोळ्याचे नाव काय, हेही त्यांस विचारावयाचे राहून गेले.